हरणांसाठी पेरलेला अर्धा एकर

मला पेरता येतं, हे मी कधी रेझ्युमेवर लिहिलेलं नाही. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात ज्या कंपनीत मी गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करते, तिथे त्याचा उपयोगही नाही. पण आमच्या वर्धेकडच्या गावात तिफणीमागे चालत नळीत मुठीने बी सोडायचं काम बायकांचं असायचं, आणि ते मी शाळेत असतानाच आईच्या मागे चालत शिकले. वडील गावच्या शाळेत मास्तर होते, घरची चार एकर कोरडवाहू जमीन होती. पेरणीच्या दिवसांत मी शाळेला दांडी मारली तरी कोणी विचारायचं नाही, कारण मास्तरही शेतातच असायचे.

म्हणून त्या वर्षी मे महिन्यात माझे जुने बॉस फोनवर म्हणाले, "यंदा प्लॉट राहू दे, खांद्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर ट्रॅक्टरला हात लावू देत नाही," तेव्हा मी म्हटलं, "मी पेरते."

अमेरिकेतल्या माझ्या पहिल्या नोकरीत ते माझे सुपरवायझर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी मी त्यांना बॉसच म्हणते. इंग्रजीत तू की तुम्ही हा प्रश्न येत नाही, पण माझ्या मनात त्यांचं अहो-जाहोच चालतं. ट्रॉयहून अडीच-तीन तास वर उत्तरेला त्यांची रानातली जमीन आहे. ओकची झाडं, मधून एक ओढा, एक लाकडी केबिन आणि झाडांच्या मधोमध मोकळी ठेवलेली साधारण अर्धा एकर जागा. दर उन्हाळ्याच्या शेवटी ते या जागेत हरणांना आवडेल असं काहीतरी पेरायचे. नोव्हेंबरमध्ये बंदुकीचा सीझन सुरू झाला की हरणं तिथे चरायला येतात आणि काठावरच्या लाकडी खोपटात शिकारी बसलेला असतो. मक्याचा ढीग टाकून हरणं बोलवायला आमच्या भागात बंदी आहे. पेरलेलं चालतं. याला इथे फूड प्लॉट म्हणतात.

बॉस वर्षाला एकच हरीण मारायचे. त्याचं मांस त्यांच्या घरी हिवाळाभर पुरायचं. आधीची दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर खोपटात बसले होते. शिकारीचा कोर्स केला होता, लायसन्स काढलं होतं, रेंजवर नेमही बरा लागायचा. हरणावर गोळी मात्र झाडली नव्हती. ते कधी विचारायचे नाहीत आणि मीही घाई केली नव्हती.

"तू पेरशील, ठीक आहे," ते म्हणाले. "पण यंदा रायफलसुद्धा माझ्या खांद्याला लागणार नाही."

"ते नोव्हेंबरमध्ये बघू," मी म्हटलं. "आधी मातीचा नमुना पाठवते."

माती आंबट निघाली. मे संपायच्या आत मी तिथे चुना पसरून आले.

जूनमध्ये माझी आई आली. गावात अंगणवाडी चालवण्यात तिचं आयुष्य गेलं, आता नागपूरला माझ्या भावाकडे असते. दर दोन वर्षांनी उन्हाळा ते थंडी आमच्याकडे राहते. आल्या आल्या ती बॅकयार्डात वांगी, मिरच्या आणि अंबाडी लावते. मी लांब कुठेतरी कोणाच्या तरी जमिनीत पेरणार आहे हे ऐकून ती खूश झाली.

"काय पेरून राहिली?"

"मुळा, सलगम आणि क्लोव्हर. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमसारखं गवत. नंतर राय, ते गव्हासारखं धान्य."

"एवढा मुळा कोण खाईन?"

"हरणं."

तिला वाटलं मी थट्टा करतेय.

जुलैच्या शेवटी एका शुक्रवारची सुट्टी टाकली आणि आई, माझी पंधरा वर्षांची लेक आणि मी वर गेलो. नवरा पुण्याचा आहे, आयटीत आहे, आणि त्याने या सगळ्यावर एकच अट घातली होती: चिखलाचे बूट घेऊन त्याच्या गाडीत बसायचं नाही. म्हणून माझी गाडी घेतली. बॉस हात गळ्यातल्या झोळीत घेऊन केबिनच्या पायरीवर बसले होते. ट्रॅक्टर लहानसा, जुना. त्यांनी गिअर दाखवले, मी ट्रॅक्टरला ढेकळं फोडणारी डिस्क जोडली आणि आडवी-उभी फिरवून जमीन भुसभुशीत करून घेतली. लेकीला गवताची मुळं वेचायला लावलं. तिने इअरफोन घालून वेचली, पण वेचली.

बी टाकायला गळ्यात अडकवायची एक पिशवी असते, तिची मूठ फिरवली की बी पंख्यासारखं उडतं. सलगम आणि क्लोव्हरचं बी मोहरीहून बारीक. ते असं उडवलं तर एकीकडे गर्दी आणि एकीकडे टक्कल पडणार. मी ओढ्याकाठची कोरडी रेती चाळून घेतली आणि बियाण्यात कालवली. आमच्याकडे तीळ असाच पेरतात.

"पाकिटावर असं काही लिहिलेलं नाही," बॉस म्हणाले.

"पाकीट लिहिणाऱ्याने तीळ पेरला नसेल."

ते हसले. पेरून झाल्यावर वरून जड रूळ फिरवला. आईने शेवटी सगळ्या जागेत एक चक्कर मारली, दोन ठिकाणी वाकून माती चिमटीत घेतली, आणि म्हणाली, "पेरा चांगला झाला." मला माहीत होतं तो चांगला झालाय. तरी तिच्या तोंडून ऐकून बरं वाटलं.

परत येताना गाडीत तिने विचारलं, "हरणं मुळा खातीन, मग?"

मी सांगितलं. सीझन, खोपट, बॉसचा फ्रीझर, सगळं.

"आपल्या गावात रोही हरभऱ्यात शिरायचे," ती म्हणाली. नीलगाईंना आमच्याकडे रोही म्हणतात. "रात्रभर डबे वाजवून त्यायले हाकलत होतो आपण. तुझे वडील माळ्यावर जागलीला जायचे. अन् तू पेरून त्यायले जेवायले बोलावून राहिली. बोलावून मारशीन."

मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "आजी, यू ईट मटन." मग तिला वाटलं हे तुटक झालं, म्हणून मराठीत जोडलं, "तू दर संडेला खातेस."

"खाते ना," आई शांतपणे म्हणाली. "पण तो बोकड माझ्या हाकेला आलेला नसतो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. माझ्या मते विकत आणलेल्या मटणात कोणीतरी दुसऱ्याने ते काम केलेलं असतं, एवढाच फरक. पण आमचं घर बौद्ध, आई रोज सकाळी पंचशील म्हणते आणि त्यातलं पहिलंच शील जिवाची हत्या न करण्याचं आहे, ते मला पाठ आहे. गाडी चालवत वाद घालण्याचा हा विषय नव्हता.

पेरणीनंतर आठवड्याने चांगला पाऊस झाला. झाडाला बांधलेला कॅमेरा फोनवर फोटो पाठवतो. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ती मोकळी जागा पोपटी दिसायला लागली, टक्कल कुठेच नाही. मी तो फोटो टीममध्ये दाखवला. एका मुलाने विचारलं, "यार, ये गोल्फ कोर्स है क्या?"

मग हरणं आली. आधी एक मादी दोन पाडसांसह, मग चार, मग फोटोत मोजता येणार नाहीत एवढी. मीटिंग चालू असताना फोन थरथरायचा आणि मी टेबलाखाली बघून खूश व्हायचे. ऑगस्ट संपता संपता फोटोतला हिरवा रंग फिका झाला. सप्टेंबरच्या पहिल्या वीकएंडला जाऊन पाहिलं तर सलगमची पानं गेलेली, मुळ्याचे देठ तेवढे उभे, क्लोव्हर जमिनीसरशी कातरल्यासारखं. काही ठिकाणी नुसती माती.

बॉस काठावर उभे राहून बघत होते. "दरवर्षी असं होत नाही," ते म्हणाले. "शेजारच्या मोठ्या शेतात सोयाबीन असायचं, हरणं तिकडे विभागली जायची. यंदा शेतमालकाने तिथे सोलर पॅनल लावले, भोवती उंच जाळी. आता सगळ्यांचं ताट एकच." थोड्या वेळाने ते म्हणाले, "तू चांगलं पेरलंस. जागाच लहान पडली. पुढच्या वर्षी बघू."

मला पुढचं वर्ष नको होतं. राय अजून पेरता येत होती, ती थंडीतही वाढते. सलगमचे गड्डे जमिनीत शाबूत होते, वरून चार-पाच आठवडे कोणी खाल्लं नाही तर पुन्हा पानं फुटणार होती. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हरणांना बाहेर ठेवायचं आणि मग आत सोडायचं. करंटचं कुंपण हा इथला उपाय, पण तारा ताणणं, बॅटरी बघणं, खाली पडणाऱ्या फांद्या रोज काढणं, हे तिथे रोज कोणीतरी असल्याशिवाय होणारं नव्हतं.

"साड्या लावू," मी म्हटलं.

त्यांना साडी माहीत होती, माझ्या घरी पूर्वी एकदा जेवायला आले तेव्हा आईने नेसलेली पाहिली होती. मी सांगितलं की आमच्याकडे रानडुकरं आणि रोही येऊ नयेत म्हणून शेताभोवती खुंट्या ठोकून जुन्या साड्या ताणतात. वाऱ्याने कापड फडफडतं, माणसाचा वास असतो, जनावराला पलीकडचं दिसत नाही. कायमचा उपाय नाही, काही आठवडे चालतो.

"आपल्याला काही आठवडेच हवेत," बॉस म्हणाले.

घरी येऊन मी आमच्या भागातल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'जुन्या सिंथेटिक साड्या हव्यात. परत मिळणार नाहीत. कारण भेटल्यावर सांगते.' एका काकूंचा लगेच फोन आला, नवरात्राचं डेकोरेशन आहे का म्हणून. खरं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग माझ्या नणंदेने दिलेल्या सगळ्या ने." दोन दिवसांत गॅरेजमध्ये ढीग झाला. आहेरात आलेल्या, कधी नेसल्या न गेलेल्या, घड्या मोडलेल्या नाहीत अशा किती साड्या या गावात कपाटांत पडून होत्या ते तेव्हा कळलं.

आई या कामात आपणहून उतरली. गॅरेजमध्ये खुर्ची टाकून ती साड्या निवडायला बसली. सुती वेगळ्या, जरीच्या वेगळ्या. "ही नाही द्यायची, हिच्यात खरी जर आहे, कोणाची आहे त्यायले परत कर." मी म्हटलं, "तुला तर हे पटत नव्हतं."

"त्यायले दूर ठेवाचं काम आहे ना हे? हे मले पटते."

लेक फोनवर वाचत होती. "मॉम, दे कान्ट रिअली सी रेड. ब्लू दिसतो त्यांना." हरणांना लाल-नारिंगी रंग नीट दिसत नाही, म्हणूनच तर शिकारी एकमेकांना दिसायला नारिंगी जाकीट घालू शकतात. मग आईने ढिगातून निळ्या आणि पांढऱ्या साड्या वर काढल्या, लाल सगळ्या खाली गेल्या.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघी पुन्हा वर गेलो. मोकळ्या पडलेल्या जागी मी डिस्क फिरवली आणि राय फेकली, तिला रेती लागत नाही, बी ठसठशीत असतं. मग लोखंडी खुंट्या ठोकल्या, दोरी ओढली आणि साड्या टांगायला सुरुवात केली. एक ओळ कमरेच्या उंचीवर, दुसरी डोक्यावर. आई पदराच्या टोकाला अशी गाठ मारायची की वाऱ्याने सुटणार नाही, आणि हवी तेव्हा एका झटक्यात सुटेल. बॉस एका हाताने दोरी धरून तिच्याबरोबर चालत होते. ती त्यांच्याशी मराठीत बोलत होती, "इकडे ओढा, भाऊ, अजून थोडं," आणि ते बरोबर तेवढंच ओढत होते.

दुपारी रस्त्याने जाणारा एक पिकअप थांबला. आतल्या माणसाने खिडकीतून विचारलं, "लग्न आहे का?"

"हो," बॉस म्हणाले. "मुळ्याचं."

त्या माणसाने मान हलवली आणि तो निघून गेला. बॉसच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. लेक मात्र खाली बसून हसत होती, आणि त्या दिवसापासून ती माझ्याबरोबर यायला कुरकुर करेनाशी झाली.

साड्यांचा उपयोग झाला. कॅमेऱ्यात दिसायचं, एखादी मादी झाडांतून बाहेर येते, कान ताठ करते, पुढचा पाय दोनदा आपटते आणि वळून जाते. सप्टेंबरच्या शेवटी राय घोट्याएवढी झाली होती. मुळ्याला नवी पानं फुटली, सलगम जमिनीतून जांभळं डोकं बाहेर काढून बसले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक धिटुकली मादी साडीखालून मान घालून खाताना दिसली. तिच्या डाव्या कानाला खाच होती. तिच्यामागून बाकीच्यांनीही शिकायच्या आत सगळं काढायला हवं होतं. शिवाय कपड्यांना माणसाचा वास असतो, तो सीझनच्या आधी पावसाने धुऊन जायला हवा, असं बॉसचं म्हणणं होतं.

ऑक्टोबरच्या मध्यात साड्या उतरवायला आई माझ्याबरोबर आली. लेकीची परीक्षा होती. दवाने कापड जड झालं होतं, काठांना चिखल. आईने एकेक गाठ सोडवली, आणि त्या फाटक्या ओल्या साड्यांच्याही तिने घड्या घातल्या. सगळं निघाल्यावर ती मोकळी जागा अगदी उघडी वाटायला लागली.

"आता येतीन ते," आई म्हणाली.

"हो."

"अन् तू बसशीन तिथे."

"मी बसेन," मी म्हटलं. "आई, गावात डुकरासाठी तारेत चोरून करंट सोडायचे, ते तू पाहिलंयस. सकाळपर्यंत जनावर तसंच पडलेलं असायचं. इथे नोव्हेंबरमध्ये रस्त्याच्या कडेला गाडीखाली मेलेली हरणं तू येता-जाता बघतेस. मी तसं करणार नाही. समोर आडवं उभं राहिलं, नेम स्वच्छ मिळाला, तरच. नाही मिळाला तर रिकाम्या हाताने परत येईन. आणि मारलं तर वाया घालवणार नाही."

तिने साड्यांचं गाठोडं गाडीत ठेवलं.

"मी तुले हो म्हणणार नाही," ती म्हणाली. "अन् नाहीही म्हणत नाही. तुझं शील तुझ्यापाशी."

घरी मात्र ती नेहमीसारखी वागली. मी रेंजवर जाऊन यायचे तेव्हा चहा तयार असायचा.

सीझनच्या पहिल्या दिवशी उजाडायच्या आधीच बॉस आणि मी खोपटात जाऊन बसलो. अंगात नारिंगी जाकीट, पायात दोन जोड मोजे, हातात गरम पाण्याची पिशवी. बाहेर रायवर बर्फाचा पातळ थर. उजेड हळूहळू आला. दूरवर कुठेतरी एक गोळी वाजली, मग दुसरी. बॉस नुसते बघत होते. वर्षानुवर्षं ज्या खिडकीत त्यांची रायफल असायची तिथे त्या दिवशी माझी होती.

सूर्य झाडांवर आल्यावर तीन माद्या आल्या. मागून एक तरणा नर, नुसती दोन सरळ शिंगं. पहिली मादी कानाला खाच असलेली. ती सरळ सलगमकडे गेली आणि पायाने उकरायला लागली. तिच्यामागे या वर्षीचं पाडस होतं, आता बरंच मोठं झालेलं. मादी मारायला वेगळं परमिट लागतं, ते माझ्याकडे होतं.

"शेवटची," बॉस पुटपुटले. "तिच्यामागे पाडस नाही, अंगाने भरलेली आहे."

शेवटची मादी तोंड माझ्याकडे करून उभी होती. मी थांबले. ती चरत चरत वळली, पुढचा पाय एक पाऊल पुढे टाकला, आणि पूर्ण आडवी झाली. मी श्वास सोडला आणि चाप ओढला.

बाकीची हरणं शेपट्या वर करून झाडांत गेली. ती काठापर्यंत धावली आणि वाळलेल्या नेच्यांत कोसळली. बॉस म्हणाले, "थांब. लगेच जायचं नाही." आम्ही बसून राहिलो. मी रायफल रिकामी केली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पुसलं नाही. ते दुःखाचं होतं असं मला म्हणता येणार नाही. एवढी मोठी गोष्ट आपल्या हाताने झाली, आणि ती नीट झाली, याचं ते होतं.

जवळ गेलो तेव्हा तिचा जीव गेला होता. मानेवर हात ठेवला. केस जाड, खाली ऊब. मी ओठांतल्या ओठांत काही म्हटलं, ते इथे लिहीत नाही. मग बाह्या वर केल्या. बॉसना वाकता येत नव्हतं, ते शेजारी ओंडक्यावर बसून सांगत गेले आणि मी केलं. कुठे चिरायचं, काय फाटू द्यायचं नाही, काळीज कुठे सापडतं. बकरं साफ करताना मी लहानपणी पुष्कळदा पाहिलं होतं, हात कुठे घालायचा ते अंगाला माहीत होतं. काम संपवून ओढ्यावर हात धुतले. पाणी एवढं गार होतं की बोटं बधिर झाली.

"पहिल्या वेळी मी ओकलो होतो," बॉस म्हणाले.

"मला भूक लागलीय," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

मांसाचे दोन वाटे झाले, मोठा त्यांचा. थॅंक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी ते आणि त्यांची बायको आमच्याकडे जेवायला आले. हरणाच्या मांसाला चरबी नसते, घाई केली तर चिवट होतं. मी ते रात्रभर दह्यात ठेवलं, सकाळी सुकं खोबरं, खसखस, जवस आणि काळा मसाला भाजून वाटला, आणि वर्धेकडे करतात तसा तर्रीचा रस्सा मंद आचेवर तीन तास शिजू दिला. आई ओट्याजवळ आली नाही. मग शेवटी आली. पळीने थोडा रस्सा तळहातावर घेऊन चाखला.

"मीठ कमी आहे," म्हणाली, आणि स्वतःच टाकलं.

जेवायला बसल्यावर तिने ताटात भात घेतला, त्यावर रस्सा ओतला, आणि फोडी एकेक करून काढून माझ्या ताटात ठेवल्या. बॉसना घाम फुटला होता, नाक लाल झालं होतं, तरी त्यांनी दोनदा वाढून घेतलं. त्यांच्या बायकोने विचारलं, इतकी वर्षं आम्ही हे नुसतं मीठ-मिरी लावून का खात होतो? लेकीने वरण-भात खाल्ला. साड्या बांधायला आलेली, हसलेली ही पोरगी त्या शिकारीनंतर शाकाहारी झाली होती. "आय डोन्ट जज यू, मॉम," असं तिने मला शांतपणे सांगितलं होतं, आणि मी तिला वेगळी डाळ करायला लागले.

डिसेंबरच्या आधी आई नागपूरला परत गेली. जाताना बॅगेत तिने भावासाठी चॉकलेटं घेतली आणि सलगमचं बी मागून घेतलं.

जानेवारीत तिकडे गुडघाभर बर्फ पडला. आम्ही कोणीही तिकडे फिरकलो नव्हतो, पण कॅमेऱ्याचे फोटो येत होते. हरणं पुढच्या पायांनी बर्फ उकरून खालची हिरवी राय खात होती, गोठलेले सलगम दातांनी फोडत होती. रानात त्या वेळी खायला झाडांच्या सालीपलीकडे फारसं काही नसतं. खाच असलेली मादी आणि तिचं पाडस जवळजवळ रोज दिसायची. मी एक फोटो आईला पाठवला. लगेच व्हिडिओ कॉल आला.

"अजून खाऊन राहिले ते?"

"हो. थंडीभर पुरेल."

"आता कोणी मारत नाही ना?"

"नाही. सीझन संपला."

ती चष्मा वर करून स्क्रीनमध्ये बघत राहिली. मागे भावाच्या घरातला कुकर शिट्ट्या देत होता.

"बर्फातही हिरवंगार आहे," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांनी पाहिलं असतं तर सगळ्या गावाले सांगत फिरले असते." मग म्हणाली, "उद्या पुन्हा पाठव."

मी पाठवला, आणि नंतर भावाला त्याच्या फोनवर कॅमेऱ्याचं ॲप घ्यायला लावलं. आता नागपुरात सकाळचा चहा घेताना ती ते बघते. कधी कधी मला कळायच्या आधी तिला कळतं की काल तिथे किती हरणं आली.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर मी बॉसकडे गेले. त्यांचा खांदा बरा झाला होता, झोळी गेली होती. ओढ्याच्या पलीकडे आणखी एक उघडी जागा आहे, तिथे नुसती काटेरी झुडपं वाढलेली. मी फावडं घेऊन तिथल्या पाच-सहा ठिकाणची माती बादलीत काढली. ते काठावर उभे होते.

"ती जागा खराब आहे," ते म्हणाले. "तिथे काही येत नाही."

मी माती मुठीत दाबून पाहिली. गोळा झाला आणि अंगठ्याने हलकेच फुटला.

"येईल," मी म्हटलं.